फुलांच्या फोटोत निवडक रंग खुलवताय? या चुका टाळा

लाल जास्वंदीचा फोटो उघडला, फूल थोडं फिकं वाटलं, म्हणून एडिटिंग ॲपमध्ये लाल रंगाचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) ४० पर्यंत नेलं. फूल झळकलं खरं, पण पाकळीवरच्या शिरा गेल्या, कडेच्या चुण्या गेल्या, उरला तो सपाट लाल डाग. सगळ्यात जास्त फुलं इथेच बिघडतात, म्हणून आधी याबद्दलच सविस्तर.

८ बिटच्या फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या थराला, म्हणजे चॅनेलला, ० ते २५५ एवढीच जागा असते. भडक लाल फुलात लाल चॅनेल बऱ्याचदा आधीच २५५ ला टेकलेला असतो. पाकळीचा पोत दिसतो तो हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये शिल्लक राहिलेल्या बारीक फरकांमुळे. सॅच्युरेशन वाढवलं की हे दोन्ही चॅनेल शून्याकडे ढकलले जातात आणि तो फरकही पुसला जातो. नुसत्या उजेडाचा हिस्टोग्राम (फोटोत गडद-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) इथे फसवतो, कारण तो ठीकठाकच दिसतो. तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर सॅच्युरेशन उलट १०-१५ ने कमी करा आणि लाल रंगाचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा खाली घ्या. शिरा पुन्हा दिसायला लागतात, फुलाला गोलाई येते, आणि ते आधीपेक्षा जास्त लाल वाटतं! रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर एक्स्पोजर (एकूण उजेड) कमी करूनही बरंच परत मिळतं. फोटो काढतानाच अर्धा ते एक स्टॉप अंडर, म्हणजे एक्स्पोजर थोडं कमी ठेवलं, तर पुढची बरीच खटपट वाचते.

दुसरी नेहमीची तक्रार: हिरवा स्लायडर कितीही हलवला तरी पानं ढिम्म. उन्हातल्या पानांचा हिरवा रंग सॉफ्टवेअरच्या हिशेबात बराचसा पिवळ्यात मोडतो. म्हणून पिवळा स्लायडर हलवा, पण जपून. जास्वंदीच्या दांड्यावरचे परागाचे पिवळे ठिपके त्याच स्लायडरवर असतात, आणि पानांसोबत तेही विझतात. फुलावर मास्क (बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारी निवड) घालून तो उलटा करा, मग फक्त पानांवर काम करा.

मास्कची कड १०० टक्के झूम करूनच तपासावी. छोट्या प्रीव्ह्यूमध्ये न दिसणारी हिरवट किनार मोठ्या स्क्रीनवर लगेच डोळ्यांत खुपते. कड एक-दोन पिक्सेल फेदर, म्हणजे मऊ करा. त्याहून जास्त केली तर फुलाभोवती रंगाचं धुकं पसरतं.

बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि फूल तेवढं रंगीत, हा प्रकार मला मनापासून आवडतो, पण त्यात देठ विसरला जातो. करड्या देठावरचं लाल फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं. देठाचा वरचा भाग आणि फुलाखालची हिरवी निदलं रंगीत राहू द्या. पानावरच्या दवबिंदूत फुलाचा लाल ठिपका उमटला असेल, तर तोही राखा. मी स्वतः पार्श्वभूमी पूर्ण करडी करत नाही. हिरव्या-पिवळ्याचं सॅच्युरेशन निम्म्यावर आणलं की फूल आपोआप पुढे येतं.

पांढऱ्या फुलांचं दुखणं वेगळं. भोवतालच्या पानांचा हिरवा उजेड पाकळ्यांवर पडतो आणि फूल आजारी दिसतं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची सेटिंग) आधी नीट करा, मग मास्कमध्ये किंचित मॅजेंटा (हिरव्याच्या विरुद्ध असलेली गुलाबी-जांभळट छटा) द्या. जांभळी फुलं कॅमेऱ्यात बऱ्याचदा निळी येतात. तिथे सॅच्युरेशनला हात न लावता निळ्याचा ह्यू (रंगछटा) जांभळ्याकडे सरकवा.

सगळं जमलं, पण दुसऱ्या फोनवर रंग मेलेले दिसतात? फाइल बहुधा अडोबी आरजीबी या रंगप्रणालीत सेव्ह झालेली असते. ऑनलाइन टाकायची प्रत एसआरजीबी या नेहमीच्या रंगप्रणालीत एक्स्पोर्ट करा. आणि एडिट करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना, हे आधी बघा; त्या पिवळट उजेडात केलेलं फूल सकाळी हमखास निळसर निघतं.