व्हायरसनंतर वास गेलाय? मग निदान या चुका तरी करू नका

वास येत नाही म्हणजे नाक चोंदलंय, हा समज एकदा डोक्यात बसला की पुढच्या निम्म्या चुका आपोआप होतात. आधी वाफ, मग थेंब, मग त्याहून कडक थेंब, मग कोणीतरी सांगितलं म्हणून नाकात तेल. सर्दीत नाक बंद असताना वास जातो हे खरंच आहे, पण सर्दी जाऊन दोन महिने झाले, श्वास मोकळा चाललाय आणि तरी वासाचा पत्ता नाही, तर बिघाड वाटेत नाही, वर आहे. नाकपोकळीच्या अगदी छताजवळ काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ थर असतो, वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथे असतात आणि त्यांचे धागे चाळणीसारख्या हाडाच्या भोकांमधून थेट मेंदूत जातात. हा थर दुखावलाय. त्याला वाफ देऊन काय होणार?

पण मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो बाम हुंगून टेस्ट करणाऱ्यांचा, कारण ही चूक मी स्वतः तीन महिने केलेली आहे. ताप उतरल्यावर वास गेला तसं मी रोज सकाळी बामची डबी नाकाला लावायचे, नाकात चुरचुरायचं, डोळ्यांत पाणी यायचं आणि मी खूश, की चला थोडा थोडा येतोय. जो विचारेल त्याला सांगायचे, येतोय हळूहळू. मग एक दिवस गॅसवर दूध ठेवून शेजारच्या खोलीत वाचत बसले आणि विसरले. दूध आटलं, करपलं, भांडं काळं पडलं, हँडलचं प्लास्टिक वितळायला लागलं आणि मी दहा पावलांवर निवांत. शेवटी डोळे चुरचुरले म्हणून मान वर केली तर खोलीत धूर, आणि तेवढ्यात भाऊ बाहेरून आला तो जिन्यापासूनच ओरडत आला, त्याला खालूनच वास आला होता!

झालं होतं असं, की बामचा झणका, अमोनियाचा ठसका, मिरचीची झोंबणी, धुराने डोळे चुरचुरणं हे सगळं चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नर्व्हचं काम आहे. वासाची नर्व्ह पूर्ण ठप्प असली तरी ही शाबूत असते. म्हणजे तीन महिने मी भलतीच वायर तपासत होते.

आता माझी पद्धत सांगते, शास्त्रीय वगैरे नाही, सवय आहे. सारख्या दिसणाऱ्या, झाकणाच्या पाच बरण्या, चारांत गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी आणि पाचवी रिकामी. डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कोणीतरी हातात द्यायच्या. रिकामी आणि भरलेली यातला फरक कळत नसेल तर वास येत नाही, विषय संपला, मनाची समजूत घालू नका. आणि निलगिरी एकटीच "येत" असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, तिचा गारवाही त्याच दुसऱ्या नर्व्हचा. मी गुलाबाचं खरं मानते.

जीभ गेली असं समजणं ही दुसरी गंमत. गोड, खारट, आंबट, कडू कळतंय ना? मग जीभ बहुतेक ठीक आहे. घास चावताना घशाच्या मागून नाकात चढणारा वास बंद झालाय, म्हणून सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं.

"टेस्ट निगेटिव्ह आली, व्हायरस गेला, मग वास का नाही?" हे विचारणाऱ्यांना दोन गोष्टी सांगते. कोविडच्या वेळी २०२० मध्ये लक्षात आलं की व्हायरसला आत शिरायला लागणारा एसीई-टू हा दरवाजा वासाच्या चेतापेशींवर जवळजवळ नसतोच, तो असतो त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर. मार आधी त्यांना बसतो. त्या लवकर भरून येतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. ज्यांचा परतत नाही त्यांचं वेगळं असतं. २०२२ च्या शेवटी ड्यूक विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २४ जणांच्या नाकातल्या त्या थराचे तुकडे तपासले. त्यातल्या ज्या नऊ जणांचा वास कोविडनंतर बराच काळ गेलेला होता, त्यांच्या थरात व्हायरस सापडला नाही, पण टी-पेशींनी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींनी, तळ ठोकलेला होता आणि चेतापेशींची संख्या कमी होती. चोर कधीच पळालाय आणि पोलीस अजून घरात धुडगूस घालतायत, तसं.

मग आशा कशावर? वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, थराच्या तळाशी त्यांच्या मूळपेशी असतात. पण नवी पेशी तयार होणार, तिचा धागा हाड ओलांडून मेंदूपर्यंत जाणार, तिथे जोडणी होणार, याला महिने लागतात. चार दिवसांत रिझल्ट मागणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडलंय.

याच घाईतून माझी दुसरी लाडकी चूक होते. काही महिने काहीच येत नाही आणि मग अचानक कॉफी सडक्या कचऱ्यासारखी येते, कांदा, लसूण, अंडं, भाजलेलं मांस सगळंच किळसवाणं. याला पॅरोस्मिया म्हणतात आणि लोक नेमके इथे घाबरून सगळं बंद करतात, ट्रेनिंगपण (म्हणजे रोज ठरावीक वास हुंगायचा सराव) आणि जेवणपण. अहो, अनेकदा हे गाडी सुरू होत असल्याचं लक्षण असतं! माणसात वासाचे रेणू पकडणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात (या रिसेप्टरांच्या जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधल्या, २००४ मध्ये नोबेल मिळालं) आणि एका चेतापेशीवर साधारण एकच प्रकार. कॉफीचा वास म्हणजे शेकडो रेणूंचा गोतावळा. त्यातले थोडेच पकडणाऱ्या पेशी परत आल्या असतील किंवा नवे धागे चुकीच्या ठिकाणी जोडले गेले असतील तर मेंदूला अर्धवट चित्र मिळतं. त्यात कॉफीतले गंधकवाले काही रेणू अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतात, आणि पॅरोस्मियावाल्यांना छळणारे नेमके तेच. म्हणून कॉफी गार होऊ द्या, भाजलेलं-तळलेलं टाळा, साधं आणि गार खा, पण खा. वजन उतरलेली माणसं पाहिलीत मी यात.

ट्रेनिंगमध्ये लोक जे करतात ते बघवत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत अगदी साधी आहे, वर सांगितलेले तेच चार वास, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. लोक मोबाइल बघत दोन सेकंद जोरात हुंगतात आणि पंधरा दिवसांनी सांगतात फरक नाही. मी प्रत्येक बरणी दहाएक सेकंद, हलकेच, तो वास आठवायचा प्रयत्न करत घेते, दात घासायच्या आधी, म्हणजे विसरत नाही. बारा आठवड्यांनी वास बदलून एकूण ३६ आठवडे करणाऱ्यांना जास्त फायदा झाल्याचंही दिसलंय. हमखास यश कशातच नाही, पण यात नुकसान नाही.

जे शॉर्टकटबद्दल म्हणता येत नाही. झिंक चांगलं म्हणून नाकात झिंक घालणारे अजून भेटतात. १९३७ मध्ये टोरंटोत पोलिओ टाळायला मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं होतं, पोलिओ थांबला नाही आणि काही मुलांचा वास मात्र गेला. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी खात्याला) नाकात घालायच्या झिंकवाल्या सर्दीच्या औषधांबद्दल पुन्हा तीच ताकीद द्यावी लागली. बहात्तर वर्षं! स्टिरॉइडच्या गोळ्या दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. आणि व्हायरल व्हिडिओंत सांगतात तसं जळकं संत्रं खाऊन वास येत नाही.

आणि संसर्ग झालेलाच नसताना वास गेला, डोक्याला मार लागल्यावर गेला किंवा एकाच नाकपुडीतून जातोय आणि रक्तही येतंय, तर हा लेख बंद करा आणि कान-नाक-घसावाल्यांकडे जा.

घरात गॅस आणि धूर ओळखणारे अलार्म लावा, उरलेल्या अन्नावर तारीख लिहा, हुंगून ठरवू नका. मी करपलेल्या दुधाच्या दुसऱ्याच दिवशी लावले.

माझं विचाराल तर लिंबू सातव्या महिन्यात आलं, लवंग अकराव्यात. गुलाब अजून साबणासारखा येतो, पण रिकामी बरणी आता बरोबर ओळखते.