साठीनंतरचा योग: खुर्चीपासून सुरुवात

गोव्यात पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, म्हणून आधी जागा बघा. प्लास्टिकची खुर्ची सरकते. बिनहाताची जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मोजे नकोत, अनवाणीच बरे.

पाच मिनिटे मान, खांदे, घोटे हलवा. मग मुख्य काम: खुर्चीवरून उठबस. दोन पावलांत नितंबांच्या रुंदीएवढे अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. थोडे पुढे झुकून श्वास सोडत उठा, श्वास घेत सावकाश बसा. ५ वेळा, आठवड्यातून तीनदा. जमू लागले की ८. मांड्यांना बळ येते, कमोडवरून उठणे सोपे होते. धपकन बसलात तर मांड्यांना काम उरत नाही आणि कण्याला हिसका बसतो. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो.

नंतर खुर्चीच्या बाजूला उभे राहून, तिची पाठ धरून ताडासन (ताठ उभे राहणे), १० सेकंद.

उभे राहताच चक्कर आली तर लगेच बसा. वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा. हाडे ठिसूळ असतील तर पाठ गोल करून वाकणे टाळा, काचबिंदू असेल तर डोके खाली नेणे टाळा. गुडघा बदललेल्यांनी वज्रासनाचा (गुडघे दुमडून टाचांवर बसण्याचा) हट्ट धरू नये.

पेज जेवल्यावर दोन तास थांबा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर मात्र उपाशीपोटी नको.