छत्रपती नकोत, गावाचं नाव सांगा

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना इतिहासाच्या प्रकल्पाचा विषय विचारला की साताऱ्यात उत्तर ठरलेलं: "सर, छत्रपती." दुसऱ्या नंबरला अजिंक्यतारा. म्हणजे चार पुस्तकांवरून पाचवं. मी त्यावर एवढंच विचारतो, "गाव कुठलं तुझं?" कारण दफ्तर, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा साठा, लावलेलंच तसं असतं: तालुका, मग गाव, मग साल. "मराठेशाहीतील स्त्रियांचे स्थान" असा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कुणी बांधून ठेवलेला नाही. मुलांना दफ्तराची ओळख करून देऊ पाहणाऱ्या प्राध्यापक मित्रांना माझं पहिलं सांगणं हेच, की विषय मागाहून येऊ द्या, आधी गाव घ्या.

पहिली भेट तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाला द्यावी. पुण्याचं पुराभिलेखागार नंतर. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, आणि सातारकर महाराजांचं दफ्तर आज पुण्यात आहे हे खरं. पण नवखं पोरगं त्या रुमालांच्या राशीपुढं नुसतं बुजून जातं. तहसीलात त्याला आपल्या शिवाराची, आपल्या आडनावांची ओळखीची पानं भेटतात.

परवानगीचं पत्र प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानं, मुलांच्या यादीसह आणि पुरेसं आधी द्यावं. त्यात कुठल्या गावाचं, कुठल्या सालाचं, कुठलं रजिस्टर हवं ते स्पष्ट लिहा. "जुनी कागदपत्रे पाहणेबाबत" एवढंच लिहिलंत तर अर्ज टेबलावरच राहील, आणि त्यात कारकुनाची चूक नाही. मार्चअखेर आणि निवडणुकीचे दिवस टाळा. एका वेळी पाच-सहाच मुलं न्या.

जाण्याआधी वर्गात मोडी, कारण जुने कागद त्याच लिपीत. इथं पुष्कळ शिक्षक कच खातात, की मोडीचा पूर्ण अभ्यासक्रम झाल्याशिवाय जायचं कसं? मी पूर्ण मोडी शिकवतच नाही. आकडे बाळबोधच्या, म्हणजे आपल्या देवनागरीच्या, जवळचे, ते तासाभरात येतात. मग महिने, आपल्या तालुक्यातली गावं, नेहमीची नावं, आणि "ताप", "पटकी" (कॉलरा), "मुलगा", "मुलगी" असे ठरावीक शब्द. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नसतो, हे कानावर घालून ठेवायचं. सरावाला कागद आता भरपूर आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधमोहीम सुरू झाली तेव्हा अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुन्या नोंदींच्या प्रती चढल्या. त्याच छापून वाटतो. (याचा एक उपद्रव होतो. मुलगा दफ्तरात बसला आहे हे कळलं की घरून फोन येतो, "पणजोबांचं तेवढं बघ रे." बघू द्यावं. पण तासाच्या शेवटी.)

सुरुवातीचा कागद म्हणून माझी पसंती कोतवाल बुकाला, म्हणजे गाव नमुना १४ ला. गावातल्या जन्म-मृत्यूचं हे रजिस्टर. मी १९१८ साल काढायला सांगतो आणि काहीही न बोलता बाजूला उभा राहतो. उन्हाळ्याची पानं तुरळक असतात. ऑक्टोबरच्या सुमाराला पान गच्च भरतं, ओळी दाटीनं येतात, कारणाच्या रकान्यात खालपर्यंत ताप, ताप, ताप. इन्फ्लुएंझाची साथ मुलांनी पुस्तकात एका ओळीत वाचलेली असते; इथं एकाच आडनावाची तीन माणसं लागोपाठ दिसली की मुलं गप्प होतात.

खरं काम तिथून पुढं. हा "ताप" कुणी ठरवला? नोंद गावच्या पाटलाकडून आलेल्या खबरीवर, डॉक्टरच्या दाखल्यावर नव्हे. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. मग उपासमारीनं खंगलेलं माणूस कुठल्या कारणाखाली गेलं? जन्माच्या पानावर बापाचं नाव आणि जात असते, पण बाळाचं नाव बहुधा नसतंच, नुसतं मुलगा किंवा मुलगी. आईचा तर पत्ताच नाही. साधनचिकित्सेवर, म्हणजे कागदावर कितपत विसंबायचं यावर, मी वर्गात तास घेतला असता तर निम्मी मुलं मोबाइलमध्ये असती. या एका रकान्यावर ती आपापसात भांडतात.

सांगलीकडच्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगा. १९४९ पर्यंत तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून १८८५ चं सातारा गॅझेटिअर त्यांचंही आहे. त्यातही गाव इंग्रजी मुलखातलं की संस्थानी, हे पाहावं लागतं. नाना पाटलांच्या पत्री सरकारचं कुंडल औंध संस्थानात. मिरज, जत, फलटण यांची दफ्तरं आपापली. १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा कागद शोधताना हे ठाऊक नसेल तर मुलगा चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालत राहतो.

हाताळणीचे नियम थोडे, पण त्यात सूट नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. पेन पिशवीत, हातात पेन्सिल. फोटोला परवानगी असेल तर फ्लॅशशिवाय, आणि आधी रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा फोटो, मग पानाचा. नाहीतर घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या गावचं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. रुमालातले कागद निघाले त्याच क्रमानं परत. लेखनात जातीच्या नोंदी आणि हयात घराण्यांची नावं जपून वापरा. गावात प्रकल्प वाचला जातो.

एवढं जमलेल्या मुलालाच मी पुण्याला पाठवतो, आणि सोबत सुहूर सनाचा, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांवरच्या कालगणनेचा, हिशेब देतो. अरबी आकडे उलटे, एककापासून वाचायचे: इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला, बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. याच सनाचा जानेवारीतला कागद हाती आला तर साल येतं १७६१, पानिपताचं. मुलांना हे गणित फळ्यावर एकदा स्वतः करायला लावा. तयार तक्ता त्यानंतर द्या.