आधी मासा ठरवा: गरवायच्या मोठ्या सहलीची तयारी

अंदमानच्या निळ्या पाण्याचा फोटो बघायचा, विमानाचं तिकीट काढायचं आणि मग तिथे काय लागतं याची चौकशी करायची, हा बहुतेकांचा क्रम. पैसे पाण्यात जायला तिथूनच सुरुवात होते. आधी मासा ठरवा. मासा ठरला की महिना ठरतो, महिना ठरला की नदीचा किंवा समुद्राचा नेमका पट्टा ठरतो. होडी, परवाना, सामान हे सगळं त्यानंतर. आणि एका सहलीला एकच मासा धरा. ‘महसीर तर हवाच, जमलं तर ट्राउटही’ असं म्हणणारा दोन जातींचं सामान वाहून नेतो, दोन परवाने काढतो आणि अर्धा वेळ जीपमध्ये घालवतो.

मासा ठरवण्याच्याही आधी घरात एका प्रश्नाचं उत्तर देऊन टाका: खायचा की सोडायचा? आपल्याकडे गरवून, म्हणजे गळाने मासे धरून, परतलेल्या माणसाला शेजारी पहिलं ‘किती आणले?’ हेच विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. पण महसीर हा नदीतला मोठा मासा सोडून द्यायचा आहे. फोटो काढायचा आणि पाण्यात परत. हे ज्याला रुचत नाही त्याने रत्नागिरी-मालवणच्या समुद्रात जावं, सुरमई किंवा तांबोशी गरवावी, संध्याकाळी तव्यावर घालावी आणि खूश राहावं. हिमालयापर्यंत जाऊन हिरमुसण्यापेक्षा ते फार बरं.

आता महसीर. गळवाल्यांच्या स्वप्नांत हा सगळ्यात वर असतो, आणि गोंधळही सगळ्यात जास्त याच्याच बाबतीत. 1946 साली म्हैसूरजवळच्या काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोंचा महसीर गळाला लागला होता. त्याची गोष्ट ऐकून आजही लोक कावेरीचं नाव घेतात. तो कावेरीच्या खोऱ्यातला कुबडा महसीर. जगात दुसरीकडे कुठेच नाही आणि 2018 पासून अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी हे कावेरीकाठचे प्रसिद्ध कॅम्प अभयारण्याच्या हद्दीत येतात. वन्यजीव कायद्यात गळ टाकणं शिकारीतच मोजलं जातं असा अर्थ लावला गेला आणि तिथला गळ बंद झाला. आता तिथे राहता येतं, पक्षी बघता येतात. कोणी ‘आतून सोय करतो’ म्हणाला तर फोन ठेवून द्या.

यात आपलंही एक प्रकरण गुंतलेलं आहे. खडस म्हणतात तो निळसर परांचा महसीर शास्त्राच्या पुस्तकात गेला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली त्याची नोंद केली. पुढे लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली आणि तिथली पिल्लं देशभरातल्या नद्यांत, तलावांत सोडली गेली. कावेरीतही. तिथे ही पाहुणी जात इतकी फोफावली की मूळच्या कुबड्या महसीराच्या ऱ्हासाचं एक मोठं कारण म्हणून अभ्यासक आज तिच्याकडे बोट दाखवतात. म्हणजे ‘कावेरीतला महसीर’ म्हणून जो फोटो तुम्हाला पाठवला जाईल, त्यातला मासा बहुधा आपल्या खडसाचाच वंशज असेल. त्यासाठी एवढा प्रवास करायचा का, हे आधीच ठरवा. महाराष्ट्रात महाडजवळ वाळणकोंडीला आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळशाला हेच मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. तिथे चुरमुरे टाकून त्यांना डोळे भरून बघता येतं. गळ मात्र न्यायचा नाही, आणि विचारायचंही नाही.

राहिला सोनेरी महसीर, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांतला. माझं मत विचाराल तर स्वप्न याचंच बघावं. मात्र महिना नेमका पकडायला हवा. पावसाळ्यात हा मासा अंडी घालायला लहान उपनद्यांत वर चढतो. त्या काळात त्याच्या वाटेला जाऊ नये. मग दोन हंगाम उरतात. सप्टेंबर अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, पाणी निवळू लागतं आणि मासे मोठ्या नदीत परततात तेव्हा. आणि मार्च ते मे, पाणी तापू लागतं तेव्हा. उन्हाळ्यात एक गुंता असतो. बर्फ वितळून मोठी नदी गढूळ आणि गार होते, पण तिला मिळणारी उपनदी स्वच्छ असते. महसीर अशा वेळी संगमावर, गढूळ आणि नितळ पाण्याच्या शिवेवर दबा धरतो. म्हणून उत्तराखंडात गळवाले नदीपेक्षा संगमांची नावं सांगतात: नयार गंगेला मिळते तो व्यासघाट, सरयू महाकालीला मिळते ते पंचेश्वर. पंचेश्वर भारत-नेपाळ सीमेवर आहे. दिल्लीहून रेल्वेने टनकपूर, तिथून रस्त्याने लोहाघाट आणि मग खोल उतरणारा घाट. जाण्यायेण्याचे दिवस सोडून हातात किमान चार दिवस गळाचे हवेत. 1996 च्या महाकाली करारात इथल्या धरणाची योजना आहे. धरण झालं तर हा संगम पाण्याखाली जाईल, म्हणून पंचेश्वर मनात असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका.

रामगंगेच्या काठी जाणाऱ्यांनी कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाची हद्द नकाशावर बोटाने तपासावी. उद्यानाच्या आत गळ नाही. बाहेरच्या पट्ट्यांचा परवाना कोणतं खातं देतं, तो कोणाच्या नावावर निघतो, किती दिवस चालतो, हे लेखी विचारा. ‘सर, सब हो जाएगा’ हे उत्तर धरू नका.

ट्राउटबद्दल थोडक्यात, कारण तो सोपा आहे आणि म्हणूनच कुटुंबासोबतच्या सहलीला उत्तम. इंग्रजांनी आणलेला हा मासा हिमाचलात तीर्थन आणि बरोटच्या ओढ्यांत चांगला रुळलाय. परवाना मत्स्यविभाग देतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. हलका रॉड, लहान स्पिनर (पाण्यात फिरणारं धातूचं आमिष), घोट्याएवढ्या पाण्यातही न घसरणारे बूट, झालं. तुम्ही पाण्यात असताना बाकीची मंडळी सफरचंदांच्या बागा बघतात आणि कोणी कुरकुरत नाही.

खाऱ्या पाण्यातलं मोठं स्वप्न म्हणजे अंदमानचा जायंट ट्रेव्हली, गळवाल्यांच्या भाषेत नुसता ‘जीटी’. प्रवाळाच्या कडेवर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं आमिष, आपटत ओढायचा आणि वीस-तीस किलोंचा मासा पाणी फोडून त्याच्यावर येतो. हा मासा निवडण्याआधी स्वतःच्या खांद्यांना विचारा. शंभर-दीडशे ग्रॅमचं लाकडी आमिष, जाड रॉड, डोक्यावर ऊन, डोलणारी होडी आणि दिवसभर फेकाफेक. निघण्याआधी दोन महिने एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा धरणाच्या काठी त्याच वजनाने फेकण्याचा सराव केला नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सावलीत बसून दुसऱ्याचा मासा बघाल. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. हिवाळ्यात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून पहाटे निघणारी होडीच घ्या. होडीचं भाडं दिवसावर असतं, माणसांवर नसतं, तेव्हा सोबती आधी पक्के करा. तिघांच्या वर एकही नको, पॉपर डोक्यामागून फिरतो. आदिवासींसाठी राखीव बेटांच्या जवळ जायचं नाही; नॉर्थ सेंटिनेलभोवती पाच सागरी मैल मनाई आहे. अजस्र हेकरू, म्हणजे जायंट ग्रूपर, कायद्याने संरक्षित आहे. लागलाच तर होडीच्या कडेलाच सोडा.

तारखा काढताना पंचांग जवळ ठेवा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. जीटीला जोराचा प्रवाह आवडतो, म्हणून उधाणाचे दिवस धरा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब (चतुर्थीला तीन वाजता) मात्र कोकण किनाऱ्यापुरता आहे. अंदमानचं कोष्टक वेगळं मागवा.

हे सगळं खिशाबाहेरचं वाटत असेल, किंवा रॉड नुकताच घेतला असेल, तर जिताडा धरा. खुशाल यालाच स्वप्न म्हणा. रायगडच्या खाड्या, मालवणची कर्ली नदी, गोव्याचं पाणी (तिथे याला चोणक म्हणतात). ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या आणि कांदळवनाच्या कडेला. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणून हातभर लांब सापडला तर सोडून द्या आणि मधला घरी न्या. सासुरवाडीला मधलाही पुरतो. किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची बंदी असते, आणि तसाही त्या दिवसांत समुद्र तुमचं ऐकत नाही.

सामानाची खरेदी मासा ठरल्यावर, आणि गाइडला विचारून. महसीराच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि त्यांनी तो स्वस्तातले गळ सपाट करतो. तिथे पैसे गळावर आणि तो जोडायच्या कड्यांवर घाला, रिळाच्या चकाकीवर नाही. सोडायचा मासा असेल तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, ओलं केलेलं रबरी जाळं न्या, वजन जाळ्यासकट करा. रिळावरची दोरी गेल्या हंगामातली असेल तर बदला. रॉडच्या नळीची लांबी विमान कंपनीला आधी कळवा. गळ, पक्कड, चाकू चेक-इन सामानात. औषधांत उलटीच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, आणि बोटात घुसलेला गळ कापायला मजबूत कटर. जवळचा दवाखाना किती तासांवर आहे हे एका कागदावर लिहा, कारण पंचेश्वरच्या खोऱ्यात मोबाइलवर विसंबून चालत नाही; कधी नेपाळचं नेटवर्क पकडलं जातं आणि बिल येतं.

शेवटी गाइड. ‘मोठा मासा मिळेल का?’ विचारलं तर हो असंच उत्तर येणार. गेल्या वर्षी याच पंधरवड्यात किती जण आले आणि किती रिकाम्या हाताने गेले, ते विचारा. ‘दोघं काहीच न लागता गेले’ असं सांगणारा माणूस घ्या. वरच्या धरणातून पाणी कधी सोडतात, पाणी गढूळ झालं तर दुसरा पट्टा कोणता, समुद्र खवळला तर तो दिवस पुढे मिळतो की बुडतो, हे ॲडव्हान्स देण्याआधी मेसेजवर लिहून घ्या. पूर्ण पैसे आधी मागत असेल तर निम्मेच देऊ करा आणि उरलेले शेवटच्या दिवशी, होडी धक्क्याला लागल्यावर.