पैसे भरून तास विकत घेण्याआधी

सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे, दोनशे तास उडून झाले, परवाना हातात आला, आणि विमान कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती उघडल्या तर जो तो टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) आणि त्याच विमानावरचा अनुभव मागतो. नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवरून रोज एअरबस उठताना दिसते आणि आपण घरी लॉगबुक चाळत बसतो. नेमका तेव्हाच एजंटचा फोन येतो. परदेशी कंपनी, उजवी म्हणजे को-पायलटची सीट, पाचशे तास, मागे प्रवासी. पगार नाही, उलट रक्कम आपणच भरायची.

टाइप रेटिंगचा खर्च स्वतः करणं वेगळं, ते शिक्षण आहे. पण तिकीट काढलेले प्रवासी घेऊन को-पायलटचं काम करायचं आणि त्याबद्दल कंपनीलाच पैसे मोजायचे, हे मला पटत नाही. त्या सीटवर कुणाचा तरी पगार चालला असता.

आता सापळा नीट समजून घ्या, मी त्यातून गेलोय. करारात तासही असतात आणि मुदतही. रोस्टर मात्र कंपनीच्या हातात. आधी त्यांच्या पगारी को-पायलटना ड्युट्या, उरलं तर आपल्याला. महिना कोरडा गेला तरी मुदत सरकतच राहते, आणि पैसे आधीच मिळालेले असल्याने त्यांना घाई नसते. माझे तास अर्ध्यावर असताना मुदत संपली. माझ्या जागी पुढच्या बॅचचा मुलगा बसला, पूर्ण रक्कम भरून. म्हणजे हात जरा बसतो, कॅप्टनला आपलं ओझं वाटेनासं होतं, तेव्हाच कंपनीला आपण नको असतो, कारण नवखा पैसे घेऊन येतो. प्रवाशांच्या वाट्याला मात्र कायम कच्चाच को-पायलट.

म्हणून एकरकमी भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते ठरवा. ड्युटी कंपनीने दिली नाही तर मुदत वाढेल की पैसे परत मिळतील, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही. करार वकिलाला दाखवा, एजंटच्या ओळखीच्या सिनियरला नाही. ज्याला आपल्या प्रवेशावर कमिशन मिळतं, तो कितीही दादा-भाऊ म्हणो, मार्गदर्शक नव्हे.

पैशाचं दडपण कॉकपिटमध्ये शिरतंच. आमच्या बॅचमधला एक जण सर्दीने कान बंद असताना ड्युटीवर गेला. उतरताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायला बघत होता आणि एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रकाला) पुन्हा पुन्हा ‘से अगेन’ म्हणत होता. अनफिट कळवलं असतं तर ते तास गेले असते. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली. चौकशीत मुख्य ठपका स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या, इशाऱ्यानंतर कॅप्टनने केलेल्या चुकीच्या हालचालींवर आला. पण तुटपुंज्या पगारावरची, सर्दी झालेली को-पायलट रात्रभर प्रवास करून ड्युटीला आली होती, हेही त्याच चौकशीत पुढे आलं. त्यानंतर तिथे को-पायलटलाही साधारण 1500 तासांची अट लागली. खरं तर त्या दोघांचेही तास त्याहून जास्तच होते. नुसत्या आकड्याने माणूस तयार होत नाही, तरी आपल्याकडे अजून आकडाच विकला जातो.

घाबरू नका, रस्ते आहेत. इन्स्ट्रक्टर रेटिंग करा, हे मी कुणालाही सांगेन. शिकाऊ मुलाचं बाउन्स झालेलं लँडिंग सावरताना जे कळतं, ते उजव्या सीटवर ऑटोपायलटकडे बघून कळत नाही. वर पगार मिळतो, थोडा का होईना. वेळ लागतो. दोन-तीन वर्षं नातेवाईक ‘पोट्टा अजून घरीच?’ विचारतील, विचारू द्या. काटोलकडची संत्र्याची बाग गहाण टाकायला बाबा तयार असले, तरी कराराची प्रत हातात आल्याशिवाय त्यांना बँकेत नेऊ नका. प्रत मागितल्यावर एजंट ‘आधी टोकन भरा’ म्हणाला, तर फोन तिथेच ठेवा.