संगणक ‘साफ’ करणारे सॉफ्टवेअर कसे पारखावे

संगणक वेगवान करण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी विंडोजमधल्याच सोयी वापरून पाहाव्यात: स्टोरेज सेन्स तात्पुरत्या फायली हटवते, तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातून आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करता येतात. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ आणि सी ड्राइव्हवरील मोकळी जागा टिपून ठेवावी, म्हणजे नंतरची तुलना अंदाजपंचे होणार नाही.

एवढ्याने भागले नाही, तरच दुसरे सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. अर्थात अधिकृत प्रतही निर्धोक असतेच असे नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती लाखो संगणकांवर पोहोचली होती.

पहिल्याच तपासणीत शेकडो ‘गंभीर त्रुटी’ दाखवून दुरुस्तीसाठी पैसे मागणारे सॉफ्टवेअर तत्काळ काढून टाकावे. कुकी (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि ब्राउझरचा कॅशे (संकेतस्थळे लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या फायली) या त्रुटी नव्हेत. उलट कॅशे पुसल्यावर नेहमीची संकेतस्थळे काही काळ अधिक सावकाश उघडतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या नोंदी, साफ करण्याचा पर्याय माझ्या मते वापरूच नये, कारण खुद्द मायक्रोसॉफ्ट अशा साधनांना पाठिंबा देत नाही आणि चुकीची नोंद पुसली गेल्यास विंडोज नव्याने बसवण्याची वेळ येऊ शकते.

चाचणीपूर्वी रिस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय) तयार करावा, हटवल्या जाणाऱ्या फायलींची यादी वाचावी आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करून टिपलेले आकडे पडताळावेत. फरक नगण्य असेल आणि संगणकात जुनी हार्ड डिस्क असेल, तर सॉफ्टवेअरच्या वर्गणीऐवजी एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान साठवण साधनावर, खर्च करावा.