नात्यांवरचं पुस्तक निवडावं कसं, वाचावं कसं आणि घरात वापरावं कसं

नातेसंबंध, स्वभाव, राग, भीती यांवरची मराठी पुस्तकं आता भरपूर मिळतात, मूळ मराठीतली आणि अनुवादितही. वाचणारेही पुष्कळ आहेत. तरी घरातली भांडणं तशीच राहतात, कारण ही पुस्तकं कादंबरीसारखी सलग वाचून कपाटात जातात. एका पुस्तकाला सहा ते आठ आठवडे द्यायची तयारी असेल तरच ते हातात घ्यावं.

आधी प्रश्न लिहा

प्रश्न एका वाक्यात कागदावर उतरवा. ‘मला मनःशांती हवी’ एवढ्यानं भागत नाही. माणूस, प्रसंग आणि आपण काय करतो, हे तिन्ही त्यात हवं. ‘सासूबाई समजूनच घेत नाहीत’ असं लिहिलं असेल तर ते खोडून ‘सासूबाई स्वयंपाकावरून बोलल्या की मी दोन दिवस अबोला धरते’ असं लिहा. पुस्तक तुम्ही वाचणार आहात, त्या नाहीत. म्हणून बदलाची सुरुवात तुमच्याकडून होईल असाच प्रश्न घ्यावा लागतो.

विकत घेण्याआधी चाळा

कोल्हापुरात 1850 पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे. अशा वाचनालयातून पुस्तक आधी आणून पाहावं आणि उपयोगी वाटलं तरच विकत घ्यावं. अनुक्रमणिका बघा, लेखक कोणत्या कामातला आहे ते बघा, मग मधल्याच एखाद्या प्रकरणाची दहा पानं वाचा. तिथं खरे वाटणारे प्रसंग, संवाद आणि करून बघायच्या कृती असतील तर पुस्तक ठेवा. पानोपानी नुसती सुवचनं किंवा ‘21 दिवसांत आयुष्य बदला’ अशी हमी असेल तर परत करा. अनुवादातलं प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागत असेल तरीही परत करा, कारण दमलेल्या संध्याकाळी ते तुम्ही वाचणार नाही.

राग किंवा सततचे विचार हा प्रश्न असेल, तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवरची, म्हणजे आपले विचार तपासून भावना आवरायला शिकवणाऱ्या पद्धतीवरची, पुस्तकं बघा. मराठीत या विषयावर चांगलं लेखन आहे. नवरा-बायकोच्या कुरबुरींसाठी जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनावर आधारलेलं काही मिळालं तर घ्या. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि अबोला या चार सवयी संसार पोखरतात, असं त्यांना दिसलं. त्यातही तुच्छता सगळ्यात घातक.

वाचा थोडं, लिहा जास्त

एका बैठकीत आठ-दहा पानं पुरेत. वाचनालयाच्या प्रतीवर खुणा करू नका, पान क्रमांक वहीत टिपा. हे पुस्तक संपेपर्यंत याच विषयावरचं दुसरं उघडू नका. दोन लेखकांच्या दोन पद्धती एकदम वापरल्या की एकही अंगवळणी पडत नाही.

खरं काम वहीत होतं. एलिस यांच्या पद्धतीत घटना, विचार आणि परिणाम असे तीन रकाने असतात. समजा, रविवारी सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, ‘रस्सा पातळ झालाय.’ ही घटना. ‘मला कधीच चांगलं म्हणायचं नाही असं यांनी ठरवलंय’ हा विचार. अपमान 10 पैकी 8 आणि दोन दिवसांचा अबोला, हा परिणाम.

सगळ्यात जास्त चूक पहिल्या रकान्यात होते. लोक तिथं ‘त्यांनी मुद्दाम अपमान केला’ असं लिहितात. मोबाइलवर चित्रीकरण केलं असतं तर जे दिसलं-ऐकू आलं असतं, तेवढंच घटनेत लिहायचं. ‘मुद्दाम’ हा आपला अंदाज; तो दुसऱ्या रकान्यात.

मग विचाराला प्रश्न विचारा: पुरावा काय? याआधी कधी चांगलं म्हटलं होतं का? त्याच्या जागी खरा वाटेल असा विचार लिहा: ‘पाहुण्यांसमोर बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं, पण एका रश्श्यावरून माझी किंमत ठरत नाही.’ आता अपमान 8 वरून 4 वर आला तरी पुष्कळ झालं. तो शून्यावर आणायचा नसतो. वाईट वाटणारच, फक्त त्यानं आपल्याला अबोल्याकडे ढकलू नये. आठवड्यातून तीन नोंदी, त्याच दिवशी रात्री लिहा. चार दिवसांनी लिहिलं की घटना आणि अंदाज यांची सरमिसळ होते.

घरात एकच बदल

दोन आठवडे नोंदी झाल्या की एकच गोष्ट बदला. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी बोलू नका. ‘मला असुरक्षितता जाणवते’ म्हटलं की समोरचं माणूस बुजतं. काय घडलं, काय वाटलं, काय हवंय, हा क्रम ठेवा आणि बोली आपलीच ठेवा: ‘आई, पाहुण्यांसमोर बोलला ते लागलं मला. पुढच्या खेपेला आत बोलावून सांगा की.’

परदेशी पुस्तकं दोघांसाठी बंद खोली गृहीत धरतात. दोन खोल्यांत सहा माणसं असतील तर अशी खोली कुठून आणायची? कोल्हापुरात असाल तर रंकाळा तलावावर फेरी मारताना बोला. शेजारी-शेजारी चालताना नजर भिडवावी लागत नाही, म्हणून अवघड विषय सोपा जातो. कुणी नुकतंच कामाच्या पाळीवरून आलेलं असताना किंवा जेवणाआधी विषय काढू नका. आवाज चढला, छाती धडधडू लागली की थांबा. शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. मात्र ‘अर्ध्या तासानं बोलूया’ असं सांगून उठा, नाहीतर तोही अबोलाच ठरतो.

पहिला आठवडा घरच्यांना संशय येईल. ते साहजिक आहे, नेटानं चालू ठेवा. पुस्तकातली लेबलं नवऱ्याला, बायकोला, आईला चिकटवू नका, आणि अधोरेखित उतारे व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. दोन्हींतून समोरच्याला टोमणाच ऐकू येतो.

पुस्तक पुरणार नाही तेव्हा

मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणं चालू असेल तर संवादाची तंत्रं वापरत बसू नका. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. दोन आठवडे झोप, भूक उडाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच बोला. तिथं मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे जाताना नोंदींची वही बरोबर न्या. काय घडतं, किती तीव्र होतं आणि तुम्ही काय करून पाहिलंत, हे त्यांना पहिल्याच भेटीत कळतं.